सासऱ्यांचे पणजोबा कॉन्फेडरेट सैन्यात होते, कागद कुठे शोधू?

जास्वंद

नमस्कार मंडळी,

विषय आपल्याकडचा नाही. पण इथे जुनी दप्तरं चाळायचा नाद असलेले बरेच जण आहेत आणि अमेरिकेतलेही आहेत, म्हणून धागा काढते.

मी अटलांटाच्या उत्तरेला राहते. नवरा इथलाच, घराणं कितीतरी पिढ्यांपासून जॉर्जियातलं. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांनी आता ध्यास घेतलाय की आपल्या पणजोबांची लष्करी कागदपत्रं एकदा डोळ्यांनी बघायची. कॉम्प्युटरशी त्यांचं जमत नाही, नवऱ्याला रस नाही, त्यामुळे काम सुनेकडे आलं. मला आवडतंय, खोटं कशाला बोलू.

घरात सांगतात ते असं: पणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या फौजेत कॅप्टन होते. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला कैद झाले, सुटून परत आले, आणि शेवटपर्यंत लढून ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या जनरल लींबरोबर शरण गेले. पुरावा म्हणाल तर चर्चमागच्या दफनभूमीत टोकदार माथ्याचा पांढरा दगड आहे. त्यावर नाव आणि '४३वी जॉर्जिया इन्फंट्री', म्हणजे पायदळाची पलटण.

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर सैनिकांची सूची आहे, तिथे शोधलं. आडनाव आपल्या पाटील-जाधवांइतकं सर्रास, त्यामुळे त्याच नावाचे जॉर्जियातच बरेच निघाले. काही नुसते आद्याक्षरांचे. आता पुढे काय? पैसे भरून साइट घ्यावी का?

कोकणकडा

वाचतोय. वेगळा विषय.

दप्तरदार

जास्वंदताई, पैसे लगेच भरू नका. मी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात असतो आणि बायकोच्या बाजूचे असले बरेच सैनिक शोधून झालेत. जरा सविस्तर लिहितो.

ती सूची म्हणजे फक्त दार आहे. त्यात ६३ लाख नोंदी आहेत, पण एकाच माणसाच्या दोन-तीन असू शकतात, कारण नावाचं स्पेलिंग कारकुनागणिक बदलायचं. खरा ऐवज म्हणजे 'कम्पाइल्ड सर्व्हिस रेकॉर्ड'. प्रत्येक सैनिकाच्या नावाचं एक पाकीट आणि आत कार्डं. जॉर्जियाच्या पाकिटांची मायक्रोफिल्म एम-२६६ या क्रमांकाची. तीच पुढे स्कॅन होऊन फोल्ड-थ्री या साइटवर गेली. घरून बघायला तिथे वर्गणी लागते, पण काउंटीच्या ग्रंथालयाचं कार्ड असेल तर आधी तिथे चौकशी करा, बऱ्याच ग्रंथालयांनी घेऊन ठेवलेलं असतं. शिवाय तुम्ही नशीबवान आहात. अटलांटाच्या दक्षिणेला मॉरो नावाचं गाव आहे, तिथे राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा आणि जॉर्जिया राज्याचं अभिलेखागार शेजारीशेजारी आहेत. दोन्हीकडे फुकट बघता येतं. सासऱ्यांना घेऊन जा, त्यांना मजा येईल.

ही कार्डं युद्धाच्या वेळची नाहीत, हे आधी डोक्यात ठेवा. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली, निघताना लावलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि सरकारी कागदही गेले. जे वाचले त्यातले बरेच दक्षिणेचा ॲडज्युटंट जनरल सॅम्युअल कूपर बरोबर घेऊन निघाला होता. ते शार्लटला उत्तरेच्या ताब्यात आले. मग १९०३ पासून वॉशिंग्टनच्या युद्धखात्यातल्या कारकुनांनी हे हजेरीपट, इस्पितळांच्या वह्या, कैद्यांच्या याद्या एकेक ओळ वाचून कार्डांवर उतरवल्या. म्हणजे तुम्ही बघणार ती जेत्यांच्या कारकुनाने चाळीस वर्षांनी केलेली नक्कल. बहुतेक प्रामाणिक, पण नक्कलच. आणि मूळ हजेरीपटच हरवला असेल तर कार्डही नाही. पाकिटात एकच कार्ड निघालं म्हणून माणूस एकच दिवस सैन्यात होता असं होत नाही. तसंच १८६४ नंतरचे पट फार कमी वाचलेत, त्यामुळे शेवटचं वर्ष बहुतेकांचं कोरं असतं.

सारख्या नावांचा गुंता कंपनीवरून सोडवायचा. त्या काळी एकेक कंपनी एकाच परिसरातून उभी राहायची. १८६० च्या जनगणनेत पणजोबांचं घर काढा, वरखालची दहा-पंधरा शेजारघरं लिहून घ्या, आणि ती आडनावं कुठल्या कंपनीच्या यादीत एकत्र येतात ते बघा. मेव्हणे-चुलतभाऊ सापडले की आपला माणूस तोच.

ओसरी

बाळबोध प्रश्न आहे, पण व्हिक्सबर्गला कैद झालेला माणूस 'सुटून' परत लढायला कसा गेला? पळाला का?

दप्तरदार

बाळबोध नाही, कार्डं वाचताना सगळ्यांचा इथेच घोळ होतो. ४ जुलै १८६३ ला व्हिक्सबर्ग पडलं तेव्हा उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या हातात २९ हजारांच्या वर माणसं आली. एवढ्यांना बोटीत घालून उत्तरेला नेणं आणि पोसणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणून प्रत्येकाकडून लेखी वचन घेतलं, की रीतसर अदलाबदल होईपर्यंत हत्यार उचलणार नाही, आणि घरी सोडलं. याला 'पॅरोल'. अदलाबदल म्हणजे दोन्ही बाजूंनी कागदावर तेवढ्याच कैद्यांचा हिशेब मिटवायचा. तो मिटला की माणूस पुन्हा रेजिमेंटमध्ये. ४३वी जॉर्जिया व्हिक्सबर्गला होतीच, तेव्हा घरातली गोष्ट इथपर्यंत बरोबर जुळते. पॅरोलची मूळ चिठ्ठी वाचली असेल तर त्यावर पणजोबांची सही किंवा फुली दिसेल.

ॲपोमॅटॉक्सचं मात्र जुळत नाही. तिथे शरण आलं ते लींचं, म्हणजे व्हर्जिनियातलं सैन्य. ४३वी जॉर्जिया आर्मी ऑफ टेनेसीत होती. त्या सैन्याची शरणागती त्याचा सेनापती जॉन्स्टन याने २६ एप्रिल १८६५ ला नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅमजवळच्या बेनेट प्लेसला दिली. कालांतराने सगळ्याच घराण्यांचे आजोबा ॲपोमॅटॉक्सला जाऊन पोचतात.

कॅप्टनकीचंही तसंच. युद्धानंतर १८८९ मध्ये युनायटेड कॉन्फेडरेट व्हेटरन्स ही संघटना निघाली, तिच्यात लष्करी हुद्दे वाटले जायचे. कितीतरी शिपाई म्हातारपणी तिथे 'कॅप्टन' आणि 'कर्नल' झाले.

बोरूबहाद्दर

माफ करा, विरजण घालतोय. पण गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेतला माणूस इतक्या कौतुकाने शोधायचा कशाला? उद्या दगडावर फुलं वाहाल.

पिंपळपार

इतकं सरळ नसतं हो. तिथले लोक सांगतात की भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. गरीब शेतकऱ्याकडे कुठले गुलाम?

बोरूबहाद्दर

राज्यांचे हक्क कसले, गुलाम ठेवायचेच ना? जॉर्जियाने जानेवारी १८६१ मध्ये फुटून निघण्याची कारणं देणारं निवेदन काढलं, ते नेटवर आहे. दुसऱ्याच वाक्यात आफ्रिकी गुलामगिरीचा विषय येतो. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स तर मार्चमध्ये सव्हानाच्या भाषणात उघड म्हणाला, की नव्या सरकारचा पाया वर्णांच्या असमानतेवर आहे. तोही जॉर्जियाचाच.

जास्वंद

बोरूबहाद्दर, फुलं वाहायची नाहीयेत. सासऱ्यांनाही नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की लहानपणापासून ऐकवलेलं खरं किती आणि रचलेलं किती, ते मरायच्या आधी कळू दे. शोधल्याशिवाय ते कळणार कसं?

दप्तरदार, मॉरोला जाऊन येते आणि लिहिते.

दप्तरदार

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. युद्ध कशासाठी झालं याचं उत्तर बोरूबहाद्दरांनी दिलंच. एकेक माणूस का गेला, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचाही माग कागदात लागतो. भरतीची तारीख बघा. एप्रिल १८६२ मध्ये दक्षिणेने १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना सक्तीची भरती लावली, आणि ऑक्टोबरमध्ये वीस गुलामांमागे एका गोऱ्याला सूट दिली. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना ते फार झोंबलं होतं.

पणजोबांच्या घरी गुलाम होते का, तेही तपासता येतं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेला गुलामांची वेगळी यादी जोडलेली आहे. मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावं नाहीत, नुसत्या ओळी. पणजोबांचं नाव नसेल तर त्यांच्या वडिलांचं आणि सासऱ्याचं बघा. मग पिंपळपारांच्या 'गरीब शेतकऱ्या'चं काय ते कळेल.

शेकोटी

मी न्यूयॉर्क राज्यात एल्मायराजवळ राहते. इथे उत्तरेचा कैद्यांचा तळ होता. बारा हजारांच्या आसपास कॉन्फेडरेट कैदी आणि वर्षभरात जवळपास तीन हजार मेले. वुडलॉन दफनभूमीत त्यांच्या रांगा आहेत. पुरायचं काम जॉन जोन्स या माणसाकडे होतं. हा स्वतः व्हर्जिनियातून १८४४ मध्ये पळून आलेला गुलाम. पळून येणाऱ्या इतरांनाही तो लपवायचा, पुढे पाठवायचा. त्याने २,९७३ कैदी पुरले आणि प्रत्येकाचं नाव, रेजिमेंट, मृत्यूची तारीख इतकी नेटकी लिहिली की फक्त सात जण अनामिक राहिले. दक्षिणेतली माणसं आजही आपला पूर्वज शोधत इथे येतात ती त्याच्या नोंदींच्या जोरावर.

ओसरी

शेकोटी, अंगावर काटा आला.

जास्वंद

मॉरोहून आले. सासरे बरोबर होते. पाकीट मिळालं! कंपनी शेजाऱ्यांवरूनच पक्की झाली. सासऱ्यांच्या पणजीचे दोन भाऊ त्याच यादीत आहेत.

कार्डांवर आहे ते असं. भरती ४ मार्च १८६२. हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, शेवटपर्यंत प्रायव्हेटच, कॅप्टनकी संपली. काही महिने 'हजर', मग 'आजारी, इस्पितळात'. जुलै १८६३ व्हिक्सबर्ग, पॅरोल. चिठ्ठी आहे आणि तिच्यावर सही आहे, थरथरती पण सही. सासरे ती बराच वेळ बघत बसले. पुन्हा हजर. आणि मग शेवटचं कार्ड, मला त्याचा अर्थ लागत नाही: जुलै १८६४, उत्तरेच्या यादीतलं, 'कॉन्फेडरेट डेझर्टर' (फौज सोडून आलेला) असं छापील शीर्षक, शपथ घेतली, लुईव्हिलला पाठवलं, युद्ध संपेपर्यंत ओहायो नदीच्या उत्तरेला राहायचं.

मग शेजारच्या इमारतीत राज्याची पेन्शनची फाइल काढली. त्यात ते स्वतः लिहून देतात, की शरणागतीच्या वेळी आजारपणाच्या रजेवर घरी होतो. दोन साक्षीदारांच्या सह्या. आता खरं कुठलं?

दप्तरदार

वा! अहो, पहिल्याच फेरीत इतकं मिळणं म्हणजे लॉटरी आहे.

एकेक घेऊ. ४ मार्च १८६२ ही तारीख जॉर्जियाच्या पाकिटांत सारखी भेटते. गव्हर्नर जो ब्राउनने सांगितलं होतं, की त्या दिवसापर्यंत ठरलेले स्वयंसेवक आले नाहीत तर सक्तीने उचलू. स्वतःहून गेलं तर आपल्या माणसांच्या कंपनीत जाता यायचं आणि पन्नास डॉलर मिळायचे. तेव्हा 'स्वयंसेवक' हा शब्द जपून घ्या.

आता जुलै १८६४. नकाशा उघडा. त्या मे महिन्यापासून जॉन्स्टनचं सैन्य डाल्टनहून अटलांटाकडे रेल्वेच्या कडेने मागे सरकत होतं आणि उत्तरेचा जनरल शर्मन त्याच्या मागे. रसाका, न्यू होप चर्च, २७ जूनला केनेसॉ माउंटन, जुलैच्या सुरुवातीला चॅटाहूची नदी ओलांडून पार. म्हणजे उत्तर जॉर्जियाच्या पोरांची घरं एकेक करून शत्रूच्या मुलखात मागे राहत होती. बायका-मुलं तिकडे, रेजिमेंट इकडे. त्या आठवड्यांत ही माणसं रात्री मागे थांबायची आणि सकाळी उत्तरेच्या पहाऱ्यावर जाऊन उत्तरेशी निष्ठेची शपथ घ्यायची. ओहायोच्या पलीकडे पाठवायचे ते परत फौजेत ओढले जाऊ नयेत म्हणून. घरी पोचता आलं नाही तरी मरण टळायचं. तुमचे पणजोबा यांतलेच दिसतात.

पेन्शनचं म्हणाल, तर आधी हे पैसे कुणाचे ते बघा. वॉशिंग्टनने कॉन्फेडरेट सैनिकांना युद्धानंतर पेन्शन दिलं नाही, ते दक्षिणेतल्या राज्यांनी दिलं. जॉर्जियाने १८७९ मध्ये सुरुवात केली, आधी हातपाय गमावलेल्यांना, मग १८९० च्या दशकात म्हाताऱ्या आणि गरीब सैनिकांना. अर्जात ठरलेला प्रश्न असायचा: शरणागतीच्या वेळी कंपनीबरोबर होता का, नसलात तर का? पळून आलेल्याला पेन्शन नाही. म्हणून 'आजारपणाच्या रजेवर' हे उत्तर या फायलींत शेकड्यांनी सापडतं. साक्षीदार शेजारी किंवा मेव्हणे, सगळ्यांना सगळं माहीत. हा कागद सत्तरीच्या गरीब माणसाला चार पैसे मिळावेत म्हणून लिहिलेला आहे, उत्तरेची यादी कोण कुठल्या वाटेने गेला ते कळावं म्हणून. तारखेसाठी मी यादीवर विश्वास ठेवेन. पण पेन्शनच्या फायलीतली मालमत्ता, आजार, मुलांची वयं सोन्यासारखी असतात, ती उतरवून घ्या.

आणि १९१० च्या जनगणनेत सैनिकांसाठी एक रकाना आहे, हयात असतील तर त्यात 'सीए' असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे कॉन्फेडरेट आर्मी. शेजाऱ्यांमध्ये त्यांची ओळख काय होती ते तिथे दिसतं.

पिंपळपार

म्हणजे पळपुटे निघाले! सासऱ्यांना कसं वाटलं?

जास्वंद

परतीच्या वाटेवर गाडीत गप्प होते. मग म्हणाले, बरं झालं, नाहीतर आपण कोणीच नसतो. सर्वांत मोठा मुलगा १८६६ चा आहे.

शेकोटी

पळपुटे म्हणू नका हो. आयरीन ट्रिपलेटबाईंची बातमी आठवते का? यादवी युद्धाचं पेन्शन घेणारी शेवटची व्यक्ती, २०२० मध्ये गेली. महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट. तिचे वडील मोझ ट्रिपलेट आधी कॉन्फेडरेट, २६व्या नॉर्थ कॅरोलायनात. गेटिसबर्गच्या वाटेवर आजारी पडून मागे राहिले, इस्पितळातून निघून गेले, आणि पुढे उत्तरेच्या फौजेत भरती झाले. त्यांच्या रेजिमेंटची गेटिसबर्गला धूळधाण झाली. केंद्राचं पेन्शन मिळालं ते उत्तरेकडून लढले म्हणून. मुलगी झाली तेव्हा वडील ऐंशीच्या पुढे होते, त्यामुळे हिशेब २०२० पर्यंत चालला.

कोकणकडा

अवांतर: या युद्धाने मुंबईही हलली होती. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दलाल प्रेमचंद रायचंद, बॅक बे कंपनीचे शेअर, सगळा तमाशा त्यातला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि बँका कोसळल्या. जास्वंदताईंच्या सासऱ्यांचे पणजोबा ओहायोपलीकडे बसले होते तेव्हा मुंबईत लोक शेअर घेत होते!

सातारकर

अवांतरातलं अवांतर: माझे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, कुतच्या वेढ्यात असं घरी म्हणतात. असं पाकीट आपल्याकडे मिळतं का?

दप्तरदार

सातारकर, वेगळा धागा काढा, मी येतो. तोवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर नाव बघा. वारले असतील तर बसराच्या स्मारकात नोंद असू शकते. पलटणीचा नंबर घरात कुणाला आठवतोय का विचारा, कुतमध्ये ११०वी आणि ११७वी मराठा होत्या. परत आले असतील तर अवघड आहे, पण बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाकून बघायला हरकत नाही.

जास्वंद

गुलामांची यादीही पाहिली. पणजोबांच्या नावावर कुणी नाही. त्यांच्या सासऱ्याच्या नावाखाली तीन ओळी आहेत: एक बाई, तिशीतली, आणि दोन मुलं. नावं नाहीत. सासऱ्यांनी विचारलं, ही कोण होती? मला उत्तर देता आलं नाही. काही मार्ग आहे का?

बोरूबहाद्दर

हा खरा प्रश्न. धन्यवाद ताई.

दप्तरदार

आहे, पण इथून पुढे चिकाटी लागते. १८७० ची जनगणना ही पहिली, जिच्यात मुक्त झालेल्यांची नावानिशी नोंद झाली. त्याच काउंटीत तेच आडनाव घेतलेली, वय जुळणारी बाई आणि दोन मुलं आहेत का बघा. सगळ्यांनी मालकाचं आडनाव घेतलं नव्हतं, त्यामुळे नुसत्या आडनावावर थांबू नका. १८६७ च्या मतदार शपथवह्या राज्याच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत मुक्त झालेल्या पुरुषांचीही नावं येतात, तेव्हा मुलगा वयात आला असेल तर सापडू शकतो. मग फ्रीडमेन्स ब्युरोचे, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे मजुरीचे करार, फॅमिलीसर्च या साइटवर फुकट. आणि पणजोबांच्या सासऱ्यांचं मृत्युपत्र किंवा इस्टेटीची यादी काउंटीच्या कोर्टात असेल तर ती आधी काढा. जनगणनेने नावं टाळली, पण इस्टेटीचा भाव लावताना कारकून नावानिशी लिहायचा.

राष्ट्रीय अभिलेखागाराने कॉन्फेडरेट सरकारची गुलाम-मजुरीची पत्रकंही स्कॅन करून टाकलीत. खंदक खणायला कुणाचा गुलाम किती दिवस नेला आणि मालकाला किती पैसे दिले, असा हिशेब. त्यांत बहुधा पुरुषच सापडतील, तरी मालकाच्या नावाने एकदा बघा.

ओसरी

आणि तो टोकदार दगड? तो कुणी बसवला?

दप्तरदार

तो सरकारी असणार. १९२९ च्या कायद्याने खासगी दफनभूमीतल्या कॉन्फेडरेट सैनिकांनाही सरकारी दगड मिळू लागले. उत्तरेकडच्यांचे माथे गोल, यांचे टोकदार. 'यँकी (उत्तरेकडचे) बसू नयेत म्हणून टोक' ही गावगप्पा. दगड कुणी मागवला त्याचे अर्जही जपलेले आहेत, अर्जदाराची सही असते. बहुधा तुमच्या सासऱ्यांचे वडील किंवा आजोबा निघतील. 'कॅप्टन' कधीपासून सुरू झालं, त्याचा माग तिथे लागू शकतो.

जास्वंद

हे नव्हतं माहीत. दगडावर कॅप्टन नाहीये, आत्ताच फोटो पाहिला. नुसती कंपनी आणि रेजिमेंट. अर्ज शोधते, आणि कोर्टात इस्टेटीच्या यादीसाठी सासऱ्यांच्या ओळखीने विचारते.

दप्तरदार

पणजी नंतर वारल्या असतील तर विधवा पेन्शनची फाइल वेगळी असते, तीही मागवा. तिच्यात लग्नाची तारीख आणि नवरा कधी वारला ते हमखास असतं.